वस्तादाच्या डोळ्यांतलं काजळ

“तुम्ही सांगितल्यावर तरी त्यो तोंड धुवंल का न्हाई?”

हिंदुराव वस्तादांनी हे विचारलं तेव्हा पूर्णानंदबुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण?”

“संग्राम. माझा पोरगा.”

नदीकाठच्या या मठात वस्ताद तरुणपणापासून यायचे. कुस्ती मारली की आधी बुवांच्या पाया पडायचे, मग घरी जायचे. आता ते स्वतः आखाड्यात उतरत नसत. पण गावची तालीम त्यांच्याच शब्दावर चालायची. मुलाचं नाव संग्राम ठेवलं ते मुद्दामच.

संग्राम इचलकरंजीत नवऱ्या मुलींचा मेकअप करायचा. त्याच्या हाताला गुण होता, लांबून बोलावणी यायची. वस्तादांनी तेवढं पचवलं असतं. पण तो स्वतःच्याही तोंडाला लावायचा. डोळ्यांत काजळ, ओठांना फिकट रंग, गालांवर कसलीशी चमक. असाच एसटीत चढायचा आणि असाच गावात उतरायचा.

“परवा रोहिणीचं लगीन,” वस्ताद म्हणाले. “मी त्याला सांगितलं, मांडवात यायचं तर तोंड धुऊन ये, न्हाईतर येऊच नगंस. त्यो म्हणाला, बरं, न्हाई येत. आता पोरगी हटून बसलीया. भाऊ पाठीशी नसंल तर बोहल्यावर चढत न्हाई म्हणती.”

“मग?”

“तुमचा शब्द त्यो मोडायचा न्हाई. बोलवून घ्या आणि सांगा.”

“काय सांगू?”

“की... पुरुषासारखा ऱ्हा.”

बुवांनी सुपातला एक खडा अंगणात टाकला.

“पुरुषासारखं म्हणजे कसं, हिंदुराव?”

“हे काय इचारणं झालं? छाती काढून. कुणाला न भिता.”

“तू कधी भ्यालास?”

“मी?” वस्ताद हसले. “सांगलीच्या मैदानात खांदा निखळला, तरी पाठ लागू दिली न्हाई. तुमाला ठावं हाय.”

“आहे ठाऊक.”

बुवा उठून आत गेले. मठात एरंडेलाच्या दिव्यावर ते काजळ धरायचे. गावातल्या बाळंतिणी तान्ह्या पोरांसाठी ते घेऊन जायच्या. त्याचीच डबी घेऊन ते बाहेर आले.

“जरा पुढं ये.”

अंगारा लावत असतील, असं वाटून वस्तादांनी वाकून कपाळ पुढं केलं. बुवांनी बोट काजळात बुडवलं आणि एका डोळ्यात घातलं. मग दुसऱ्यात. आईनं घालावं तसं, कोपऱ्यापर्यंत, सावकाश.

“आता वेशीजवळच्या दुकानातून मला सुपारी आणून दे. पुसायचं नाही.”

“असा जाऊ?”

“असाच.”

“बुवा, लोक...”

बुवांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

गुरूचा शब्द मोडायची सवय वस्तादांना नव्हती. ते उठले आणि निघाले.

घाटावर बायका धुणं धूत होत्या. वस्ताद दिसताच एकीचा हात थांबला. तिनं शेजारणीला कोपर मारलं. वस्तादांनी फेट्याचा शेमला तोंडावर ओढला. चार पावलं गेल्यावर स्वतःचाच राग येऊन त्यांनी तो सोडून दिला.

पारावरून कुणीतरी विचारलं, “वस्ताद, डोळं आलं काय?”

“न्हाई.”

एवढं बोलून ते पुढं चालू लागले.

तालमीच्या दारात त्यांचे पठ्ठे अंग पुसत उभे होते. वस्तादांना बघून सगळे सरळ झाले. मग एकानं खाली पाहिलं. दुसऱ्याला खोकला आला. वस्ताद पुढं गेले आणि पाठीमागं हसू फुटलं. ज्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं थंडाई पाजली होती, तीच ही पोरं. वस्तादांनी वळून बघितलं नाही. त्यांची मान वळलीच नाही.

दुकानात बापू चौगुले बसला होता. एके काळी वस्तादांनी त्याला दोनदा चीत केलं होतं.

“पोराचं खूळ आता बापालाबी लागलं म्हणायचं,” तो म्हणाला.

वस्तादांनी त्याची गचांडी धरून त्याला पोत्यांवर रेटलं. दुकानदार मध्ये पडला म्हणून थोडक्यात निभावलं.

वस्ताद मठात परत आले. घामानं काजळ गालांवर ओघळलं होतं. त्यांनी सुपारीची पुडी ओसरीवर ठेवली.

“काय झालं?”

वस्तादांनी चौगुल्याचं सांगितलं. “आडवाच करणार हुतो त्याला.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी... तालमीतली पोरं हसली.”

“त्यांना काय केलंस?”

वस्तादांनी नजर घाटाकडं वळवली. नदीवर धुण्याचा आवाज येत होता.

“पाय उचलंना, बुवा,” ते म्हणाले. “रोजचाच रस्ता, पण संपता संपंना. वाटलं, नदीत उतरून तोंड धुवावं आणि मागल्या वाटंनं घरी जावं.”

“भ्यालास?”

“...व्हय.”

बुवांनी तांब्या पुढं केला. वस्तादांनी डोळे धुतले. काजळ लवकर निघेना. ते चोळत राहिले.

“संग्रामला असं कुणी बोलतं का?” बुवांनी विचारलं.

“रोज बोलत्यात. मागं स्टँडवर दोघा-तिघांनी त्याच्या तोंडाला चिखल फासला. मला दुसऱ्याकडनं कळलं.”

“मग त्यानं कुणाची गचांडी धरली?”

“न्हाई.” वस्तादांचा हात डोळ्यांवरच थांबला. “नळावर तोंड धुतलं म्हणं. पिशवीतनं आरसा काढला. पुन्हा समदं लावलं, तिथंच, लोकांच्या म्होरं. आणि म्होरल्या गाडीनं कामावर गेला.”

बुवा पुन्हा तांदूळ निवडू लागले.

वस्तादांनी फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं. मग त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि घरी न जाता सरळ स्टँड गाठला. दुपारच्या गाडीनं ते इचलकरंजीला गेले. मुलाच्या खोलीच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले, “चल. बहीण वाट बघतीया.”

“तोंड धुऊ?” संग्रामनं विचारलं.

“तुला धुवायचं असंल तर धू.”

त्यानं धुतलं नाही. एसटीत बाप-लेक एकाच बाकावर बसले.

लग्नाच्या दिवशी संग्रामनं रोहिणीला सजवलं, मग स्वतःचं आवरलं. पिवळा फेटा, डोळ्यांत काजळ, ओठांना रंग. मंगलाष्टकांना तो बहिणीच्या पाठीशी उभा राहिला. मांडवात कुजबूज झालीच. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं वस्तादांच्या जवळ सरकून विचारलं, “हा कोण म्हणायचा?”

“माझा पोरगा,” वस्ताद म्हणाले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “संग्राम.”

जेवणाच्या पंगती बसल्या. संग्राम जिलबीचं ताट घेऊन वाढत होता. त्या रांगेत तालमीचे पठ्ठे होते, बापू चौगुलेही होता. वस्ताद बुवांच्या पानाशेजारी उकिडवे बसले होते. त्यांचं सगळं लक्ष तिकडं होतं. चौगुल्यानं काहीतरी म्हटलं, दोघं-तिघं हसले. संग्रामनं हसून त्याच्या पानात आणखी एक जिलबी वाढली आणि तो पुढच्या पानाकडं वळला.

वस्ताद अर्धवट उठले आणि पुन्हा खाली बसले.

“बुवा, मी काय करू?” ते हळूच म्हणाले. “मधी पडू, का गप बसू? माझं मलाच कळंना झालंय.”

बुवांनी घास खाली ठेवला.

“पठ्ठ्याची कुस्ती चालू असताना वस्ताद कुठं उभा असतो, हिंदुराव?”