डबक्यावरचा वाघ

सकाळचे अकरा वाजले होते. जागा शाळेमागचं डबकं. त्या काळी प्राणी बोलत असत.

वर्गातून मुलं ओरडली, "जैवविविधता म्हणजे वाघ!"

"ऐकलंस का गं?" कुंपणावरचा सरडा बेडकीला म्हणाला. "आपण त्यात नाही."

"मग आपण कशात?"

"स्वच्छता मोहिमेत!"

बेडकीने पाण्यातल्या आपल्या अंड्यांकडे पाहिलं. "पोरांनो, लवकर पट्टे रंगवून घ्या रे!"

दुपारी मुलांनी घमेल्यांनी माती टाकून डबकं बुजवलं. वर वाघाचा पुतळा बसला आणि पाटी लागली : 'जैवविविधता उद्यान'.

"बाई, माझी अंडी कुठायत?" बेडकीने विचारलं.

बाईंनी मुलांकडे पाहिलं. मुलांनी वाघाकडे पाहिलं.

वाघ सिमेंटचा होता.