आईचं तास

आमच्या हिवरवाडीच्या शिवारात कुणाच्याही रानात जा, उभ्या ज्वारीत एक तास रिकामं दिसेल. तास म्हणजे पेरणीची एक ओळ. डावीकडं ज्वारी, उजवीकडं ज्वारी, माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि मधे बाईचं पाऊल मावेल एवढी मोकळी काळी माती, बांधापासून थेट आतपर्यंत. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते. बाहेरगावच्या ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, बाबा, मधल्या फेऱ्याला एका नळीत चिंधी कोंब. तो हसतो, पण कोंबतो.

या येळवशीला माझा मावसभाऊ भारतदादा पहिल्यांदाच आमच्याकडं आला होता. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात घरांना कुलपं लागतात आणि सगळी माणसं रानात असतात. ओल्या दाण्यांच्या नि पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, खीर, गाजरं, अंबिलीची घागर, म्हाताऱ्या, लेकरं, पाहुणे, सगळं बैलगाडीत नाही तर मोटारसायकलवर. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करायची, तिच्यात काळ्या आईची पूजा करायची. मग एका सुनेनं अंबिलीची घागर डोक्यावर घेऊन रानाला फेरी घालायची, बाकीच्यांनी तिच्यामागं अंबील शिंपडत जायचं. त्यानंतर पंगत. त्या दिवसांत ज्वारी पोटरीत असते, कणीस अजून पानांच्या पोटात. म्हणून येळवस म्हणजे काळ्या आईचं डोहाळजेवण, असं म्हणतात.

भारतदादानं ते रिकामं तास बघितलं आणि म्हणाला, "काय हो आत्या, पेरताना कोण होतं? डुलकी लागली होती काय?"

राजूआत्या माझी चुलतसासू. कोपीच्या सावलीत माझ्या दहा महिन्यांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "डुलकी लागली असती तर एका रानात लागली असती. साऱ्या गावाला कशी लागंल? बस खाली. हे उभ्या उभ्या सांगायचं न्हाई."

मग तिनं जे सांगितलं ते असं.

फार मागं, म्हणजे आत्याच्या सासूच्या सासूलाही ऐकूनच माहीत एवढं मागं, याच गावात धोंडप्पा नावाचा कुणबी होता. तोंडानं कडक, रीतभात पाळणारा. त्याच्या थोरल्या सुनेचं नाव केवळा. केवळाचे दोन पाळणे रिकामे झाले होते. एक लेकरू सव्वा महिन्याचं गेलं, दुसरं दात यायच्या आत. तिसरी पोर झाली ती ठकू. ठकू जगली, बसायला लागली, रांगायला लागली, तरी केवळा तिला खाली ठेवेना. दळताना मांडीवर, पाणी आणताना कडेवर, वेचणीला पाठीवर. नदीवरच्या बायका तिला म्हणे चिडवायच्या, "केवळे, पोर हाय का कंबरपट्टा?" केवळा हसायची, पण सोडायची नाही.

ठकू दीड वर्षाची झाली आणि चालायला लागली. मामाच्या घरून तिच्या पायांत घुंगरांचे वाळे आले. त्या साली येळवशीला धोंडप्पा म्हणाला, या वेळी घागर केवळा घेईल. तिचं लेकरू उभं राहिलं, आता मान तिचा.

त्या काळी घागरीची एक रीत होती. घागर डोक्यावर घेतली की चारी कोपरे होईपर्यंत बोलायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही. घागरीमागून लक्ष्मी चालत येते. बाईनं मागं बघितलं की ती जिथं असेल तिथंच थांबते आणि रान तेवढं कोरडं राहतं, असं मानत. आसपासच्या गावांत अजूनही काही लोक असं मानतात.

केवळानं विचारलं, "पोर कुणाकडं देऊ?"

सासू म्हणाली, "हितं काय परके हाईत व्हय? कुणी बी घेईल. ठेव खाली."

केवळानं ठकूला कोपीजवळ खाली ठेवलं, हातात उंडा दिला, आणि घागर घेतली.

फेरी निघाली. पुढं केवळा, दहा-बारा पावलं सोडून मागं बाकीची माणसं, चांगभलं चांगभलं म्हणत अंबील शिंपडणारी. थोडं चालल्यावर केवळाला मागून घुंगरू ऐकू आले. छुम, छुम, मधेच पडल्यासारखे, परत छुम. पोर आपल्या मागं येतेय हे तिला कळलं. तिला बरं वाटलं. पहिला कोपरा झाला, घुंगरू होते. दुसरा कोपरा झाला, घुंगरू होते. तिसऱ्या बाजूला लागली आणि निम्म्यात घुंगरू थांबले.

केवळाची मान ताठली. वळावं का? वळलं तर लक्ष्मी थांबंल. सासरे मागं आहेत, सासू आहे, नणंद आहे, कुणीतरी उचलली असेल. कडेवर घेतल्यावर वाळे कुठं वाजतात? असं स्वतःला सांगत ती पुढं चालली. तिसरा कोपरा आला. चौथी बाजू तिला किती लांब वाटली असेल ते आपणच समजून घ्यावं. चौथ्या कोपऱ्यावर तिनं घागर उतरवली आणि वळली.

सगळे होते. ठकू नव्हती.

"ठकू कुणाजवळ हाय?"

नणंद म्हणाली, वैनी, मला वाटलं आईनं घेतली. सासू म्हणाली, मला वाटलं तिच्या बापाजवळ. बाप म्हणाला, मी तर खिरीचं सामान आणायला गाडीकडं गेलो होतो. प्रत्येकानं कुणाचं तरी नाव घेतलं आणि ते नाव संपलं तिथं पुढं कुणी नव्हतं. मागच्या माणसांत ती नव्हतीच. ती आईच्या आणि माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेतून चालत होती. ज्वारीच्या कडेनं चालणारी एवढीशी पोर ज्वारीत कधी वळली, अंबिलीकडं डोळे लावलेल्या कुणालाच दिसलं नाही.

रानाच्या मधोमध एक जुनी विहीर होती. तिला कठडा नव्हता आणि ज्वारी पार तिच्या काठापर्यंत गेलेली. मोठ्या माणसालाही दोन हातांवर गेल्याशिवाय ती दिसायची नाही.

पोरीचा बाप आत शिरायला धावला. धोंडप्पा हात पसरून आडवा झाला. म्हणाला, "आज न्हाई. आज काळी आई डोहाळ्याची हाय. गरवार बाईच्या अंगावरून कुणी चालतंय का? बांधाबांधानं हाका मारा, पोर आवाज दील." त्याचं काळीज काही दगडाचं नव्हतं. हाका मारताना त्याचाच आवाज सगळ्यात आधी बसला, असं सांगतात. पण त्याला लहानपणापासून जे शिकवलं होतं तेच त्याच्या तोंडून आलं.

हाका मारून झाल्या. ज्वारीतून काही आलं नाही. घुंगरूही नाही.

केवळा तिसऱ्या बाजूला, घुंगरू थांबले होते तिथं जाऊन उभी राहिली. आत शिरावं तर कुठून? एका तासाची चूक झाली तरी पोर दिसायची नाही. आणि पानं सळसळली, पोर घाबरली, पुढं सरकली, तर पुढं विहीर. धोंडप्पा तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

ती म्हणाली, "मामंजी, बाजूला व्हा. मी तिलाच इचारते."

तो सरकला.

केवळानं बांधावर गुडघे टेकले आणि जमिनीवर पदर पसरला. ती म्हणाली, "आई, आज तुझं डोहाळजेवण. सगळे तुला इचारतेत तुला काय पाहिजे. मी उलटं तुझ्याकडं मागायला आलेय. तुझ्या पोटात हाय तसंच माझ्या पोटातलं हाय ते. मला एक तास दे. एकच. तुझं एक धाट मोडणार न्हाई. पुढं दरसाल ते तास तुझं तुला मोकळं ठेवीन, माझ्या घरचं कुणी त्यात दाणा टाकणार न्हाई. अन् जर का..."

जर काच्या पुढं ती म्हणे काही बोलली नाही. राजूआत्याही इथं थांबते. तिनं माझ्या पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, मग पुढं सांगितलं.

वारं नव्हतं. शेजारच्या रानात पातं हलत नव्हतं. आणि केवळाच्या पदरासमोरचं ज्वारीचं एक तास हळूहळू कलायला लागलं. निम्मी धाटं डावीकडं, निम्मी उजवीकडं, शेजारच्या धाटांच्या खांद्यावर मान टाकल्यासारखी. पंगतीत उशिरा आलेल्या बाईला दोघीजणी सरकून जागा करून देतात, तशी. मोडलं एकही नाही. मधे पाऊल मावेल एवढी वाट झाली.

केवळा त्या वाटेनं गेली. पळाली नाही. एका पावलापुढं दुसरं पाऊल, डोक्यावर अजून घागर असल्यासारखी चालली म्हणे.

वाट संपली तिथं विहिरीचा काठ होता. काठापासून हातभर अलीकडं ठकू बसली होती. तोंडाला उंड्याचं पीठ. तिच्या दोन्ही पायांतल्या वाळ्यांना ज्वारीच्या पानांचा वेढा बसला होता. खालची लांब पानं वाळ्यांतून आत जाऊन, फिरून, घुंगरांवर आवळून बसली होती. पोरीला पुढं एक पाऊल टाकता येत नव्हतं. घुंगरू थांबले ते यामुळं. ज्या शांततेनं आईचा जीव अर्धा झाला होता, ती शांतता म्हणजे कुणीतरी पोरीचे पाय धरून ठेवल्याची होती.

आईला बघून ठकू म्हणाली, "मोप." म्हणजे तिला आणखी उंडा पाहिजे होता.

केवळानं पानं तोडली नाहीत. एक एक सोडवली. ती पोरीला घेऊन बाहेर आली तेव्हा सासूनं पोरीची दृष्ट काढायला हात वर केला आणि तो तसाच केवळाच्या डोक्यावर ठेवला. भज्जी थंड झाली होती. कुणी गरम करा म्हणालं नाही. धोंडप्पा जेवला नाही. कोपीकडं तोंड करून बसला आणि म्हणाला, "तिनं मला सरकायला लावलं ते बरं केलं."

पुढच्या साली पेरणीला पाभरीवर धोंडप्पा स्वतः उभा राहिला. तिसऱ्या बाजूच्या त्या जागी आल्यावर त्यानं एका नळाचं भोक अंगठ्यानं दाबून धरलं आणि ते तास रिकामं सोडलं. शेजारी म्हणाला, "धोंडप्पा, म्हातारपणी हात चळतोय का?" धोंडप्पा म्हणाला, "ते आईचं हाय." कोणत्या आईचं, ते त्यानं सांगितलं नाही. मग ज्यांच्या घरात लहान लेकरं होती त्यांनीही एक तास सोडलं, मग ज्यांना लेकरू पाहिजे होतं त्यांनी, आणि मग कुणी विचारायचंच राहिलं नाही. विहिरीला तेव्हाच दगडी कठडा झाला.

येळवस परत आली तेव्हा केवळानं घागर घ्यायला नकार दिला. ती म्हणाली, मान दुसरीला द्या, माझ्यानं होणार नाही. ठकू तिच्या कडेवर होती. दीड वर्षाची होती तेव्हा उतरवली होती, ती अडीच वर्षांची झाली तरी परत उतरली नव्हती. एवढ्या थोराड पोरीला वागवून केवळाची कंबर धरली होती.

धोंडप्पानं घागर उचलून तिच्यासमोर धरली. म्हणाला, "घे. पोरीला चालू दे. दर कोपऱ्यावर थांबायचं अन् मागं बघायचं. पोर दिसल्याबिगर पुढं जायचं न्हाई."

सासू म्हणाली, "अहो, अन् लक्ष्मी थांबली मंजी?"

"थांबू दे. तिला बी लेकरं हाईत. ती काय मागं बघत नसंल?"

केवळानं घागर घेतली आणि पोर खाली ठेवली.

एवढं सांगून राजूआत्यानं माझी पोर भारतदादाकडं दिली आणि मला म्हणाली, "ऊठ. ऊन उतरायच्या आत फेरी होऊ दे." या वर्षी घागर माझ्याकडं होती. पोरीला भारतदादानं खांद्यावर घेतलं, दोन्ही पाय घट्ट धरून.

पलीकडच्या गावचे लोक आम्हाला अजूनही हसतात. म्हणतात, हिवरवाडीची फेरी म्हणजे मुंगीची वरात, यांची पंगत बसेपर्यंत दुसऱ्यांची भांडी घासून होतात. खरंच आहे ते. आजही आमच्याकडं घागरवाली प्रत्येक कोपऱ्यावर थांबते आणि अंगानिशी वळून मागं बघते. तिच्यामागची सगळी माणसं थांबतात, चांगभलं थांबतं, आणि ज्याच्याकडं तिचं लेकरू असेल तो ते वर करून दाखवतो. लेकरू मोठं होऊन शहरात गेलेलं असलं तरी बाई वळते. जिचं कुणी उरलं नाही तीही वळते, आणि तिच्यासाठी मग कुणाचंही लेकरू वर करतात. तिसऱ्या कोपऱ्यावर थोडं जास्त थांबणं होतं. तिथं उन्हात उभं राहून पाय अवघडतात, पण चला म्हणायची कुणाला मुभा नाही. बाईचं बघून झालं की ती आपणहून चालू लागते.