भिवाचा उपास

खडकओहोळ नावाचं एक गाव होतं, आणि एवढ्याशा गावात ख्रिस्ती मंडळींची उपासना मंदिरं दोन होती. मध्ये फक्त ओढा. वरच्या मंदिरात पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत, खालच्या मंदिरात पाण्यात बुडवून. एवढ्यावरून दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांकडे चहासुद्धा सोडला होता.

वरच्या मंदिराचे पाळक लेवीअण्णा भिंगारदिवे. धर्मशास्त्राच्या कुठल्या शाळेत शिकलेले नव्हते, पण गळा असा की पेटी उघडली की शेजारपाजारची माणसं हातातलं काम टाकून दारात येत. खालच्या मंदिराचे पाळक शांतवन पारखे. ते चार वर्षं धर्मशास्त्र शिकून आलेले, बायबलच्या मूळ भाषा जाणणारे. त्यांच्या प्रवचनात माणसं आदराने बसत आणि आदरानेच डुलक्या काढत.

पारखे पाळकांनी हिवाळ्यात प्रचारकांसाठी वर्ग काढला आणि वरच्या मंदिरालाही निरोप धाडला. अण्णांनी भर उपासनेत सांगितलं, "आम्ही गुडघे टेकून, प्रार्थनेत शिकलो, आम्हाला बाक नको." वरच्या मंदिराचं कुणी गेलं नाही.

अण्णांचा जीव होता डोंगरावरच्या वाडीवर. दर शुक्रवारी ते तिथे चढून जात. तिथल्या भिवाची मुलगी तापाने फणफणली, तेव्हा अण्णांनी प्रार्थना केली आणि भजनाच्या भरात बोलून गेले, "उपास करा. उपास जेवढा मोठा, तेवढं देव लवकर ऐकतो."

शब्द तोंडातून गेला तो गेला. अण्णा विसरले, भिवा विसरला नाही. त्याने प्रभूसारखा चाळीस दिवसांचा उपास धरला. मुलीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, औषध लागू पडलं, पोर बरी होऊन कोंबड्यांमागे पळायला लागली. पण भिवा जेवेना. वाडीला पिढ्यान्पिढ्या नवस ठाऊक. नवस बोलला की फेडायचा, नाहीतर दिलेलं परत जातं. भिवाने देव बदलला होता, भीती बदलली नव्हती.

मधले दोन शुक्रवार अण्णांचं वर जाणं चुकलं होतं; ते गेले तेव्हा भिवा नुसत्या पाण्यावर होता आणि भिंतीला धरूनही त्याला उभं राहवत नव्हतं.

"भिवा, खाऊन घे बाबा."

"अण्णा, तुम्हीच म्हणला होता. आता अर्ध्यात सोडला आन् पोर पुन्हा पडली, तर?"

एवढी वर्षं अण्णा बोलत आले होते, पण असं कुणी अडवलं नव्हतं. ते तसेच डोंगर उतरले आणि घरी येऊन ओट्यावर बसले. समोर ठेवलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि घडलेलं सगळं सांगितलं.

सगुणाबाई, त्यांची बायको, म्हणाली, "पारखे पाळकांना विचारा."

"त्याला? तो मला बाकावर बसवील."

"बसवू दे. तिकडे भिवा आडवा झालाय आणि तुम्ही बसायला लाजताय."

अण्णा उठले. भर दुपारी, हापशावर बायका भांडी घासत असताना, त्यांनी ओढा ओलांडला. घासणारे हात थांबले. एकीने तर भरलेली कळशी पुन्हा रिकामी केली, म्हणजे अजून थोडा वेळ थांबता येईल.

पारखे पाळक जेवायला बसले होते. अण्णा दारातूनच म्हणाले, "पाळक, मी चुकीचं शिकवलं. आता ते सुधारायचं कसं, ते मला येत नाही." आणि भिवाची सगळी हकिकत सांगितली.

आता हा हसणार, असं अण्णांना वाटलं. पारख्यांनी भाकरी झाकून ठेवली आणि चपला घातल्या. "चला. वाटेत बोलू."

चढण चढता चढता त्यांनी अण्णांना समजावलं. उपास म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. देव देतो ते कृपेने, आणि मोबदला मागून परत नेत नाही. थकून झाडाखाली पडलेल्या संदेष्ट्याची गोष्ट त्यांनी सांगितली. तो मरण मागत होता, आणि देवाने दूत पाठवला तो भाकरी घेऊन. अण्णांनी ही गोष्ट शंभरदा गायली होती. भाकरीपाशी थांबून विचार मात्र कधी केला नव्हता.

भिवाच्या झोपडीत पारखे पाळक त्याच्या उशाशी बसले आणि बोलायला लागले. करार, कृपा, उपासाचा हेतू. सगळं खरं आणि सगळं नीट. भिवा डोळे मिटून पडून होता. त्याची बायको मंजुळा चुलीपासून म्हणाली, "पाळक, तुम्ही बरंच सांगत असाल. पण माझ्या माणसाच्या कानात शिरंना."

पारखे अण्णांकडे वळून हळूच म्हणाले, "अण्णा, मला येतं ते एवढंच. आता तुम्ही सांगा."

अण्णा भिवाजवळ सरकले. "भिवा, तुझी पोर तापातून उठली, तेव्हा तिला पहिलं काय दिलंस?"

"पेज."

"आधी तिच्याकडून काही फेडून घेतलंस?"

भिवाने डोळे उघडले. "लेकराकडनं कोन फेडून घेतं, अण्णा?"

"मग तुझा वरचा बाप तुझ्यापेक्षा वाईट आहे का?"

बाहेर पोर कोंबडीला हाका मारत होती. भिवा तो आवाज ऐकत राहिला.

"देव रागवायचा नाय ना?" त्याने विचारलं.

अण्णांनी पारख्यांकडे पाहिलं. पारखे म्हणाले, "नाही. शास्त्रात असं कुठेच नाही."

"ह्यांनी सगळं वाचलंय, भिवा," अण्णा म्हणाले. "हे नाही म्हणतात, म्हणजे नाही. चूक माझी होती, तुझी नव्हे."

मंजुळाने पातळ पेज आणली. पहिला घोट भिवाच्या घशाखाली उतरला आणि तिने तोंडाला पदर लावला. अण्णांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पारखे पाळक तर चक्क भिंतीला टेकून बसले. आपण अर्ध्या जेवणावरून उठलो होतो, हे त्यांना आत्ता आठवलं.

उतरताना अण्णा म्हणाले, "आता आमच्याकडेच चला. पिठलं चालतं ना, की तेही बुडवून लागतं?"

"शिंपडलेलंही चालेल," पारखे म्हणाले. "भूकच तशी लागलीय."

पुढच्या हिवाळ्यात वर्ग भरला तेव्हा पहिल्या बाकावर लेवीअण्णा होते आणि त्यांच्यामागे वरच्या मंदिराची माणसं. पारखे पाळक शिकवताना फार लांब गेले, की अण्णा हात वर करत, "पाळक, भिवाला कळेल असं." आणि पारखे थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगत. वाडीवर आता शुक्रवारी दोघं मिळून जातात. पाण्याचा वाद अजून मिटलेला नाही, पण तो आता सगुणाबाईंच्या ओट्यावर, चहा पिता पिता चालतो.

तात्पर्य: दुसऱ्याला वाट दाखवणाऱ्याने, आपल्याला येत नाही ते शेजाऱ्याला विचारायला लाजू नये. एकाला माहीत असतं, दुसऱ्याला सांगता येतं; दोघं मिळून गेले, तरच उपाशी माणसाच्या तोंडी घास पडतो.