डीपीजवळची पाळी

तो साधा मंगळवार होता. कारळवाडीत बबन गुरवाच्या पिठाच्या गिरणीत सहा-सात बायका डबे घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून वीज बंद होती, कारण ओढ्यापलीकडच्या खांबावर वायरमन विश्राम धुमाळ तार बदलत होता. काम कुठवर आलं ते पाहायला बबन मघाशीच डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजच्या पेटीकडे, गेला होता.

“हौसाबाई, तुमचे मालक किती वेळ लावतायत?” एकीने विचारलं.

“घरी झोपायला मिळत नाही, खांबावर झोपले असतील,” विश्रामची बायको म्हणाली. सगळ्या हसल्या.

तेवढ्यात गिरणीतला दिवा लागला. “आली, आली!” म्हणत हौसाबाईच आधी उठली आणि डबा पुढे सरकवून उभी राहिली. थोड्या वेळाने ओढ्याकडून एक माणूस धावत आला. विश्राम विजेच्या धक्क्याने खांबावरच गेला होता.

या गावात वीज गावाच्या मालकीची होती. घाटाखालची वीज कंपनी वर यायला तयार नव्हती, तेव्हा गावाने सहकारी संस्था काढली. माणसांनी खांब खांद्यावर वाहून आणले. पहिली तार पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर गेली, दुसरी शाळेत, तिसरी दवाखान्यात. मग घरं. पगारी माणूस एकच, विश्राम. बाकी कामं सभासद पाळीने करत.

त्यातली एक पाळी डीपीजवळ उभं राहण्याची होती. खांबावर चढण्याआधी विश्राम डीपीतल्या तिन्ही फ्यूज काढी आणि पाळीच्या माणसाच्या हातात देई. काम संपेपर्यंत त्या माणसाने तिथून हलायचं नाही. विश्राम उतरून स्वतः येई, फ्यूज मागून घेई आणि बसवी. गावात फ्यूज बसवता न येणारा माणूस नव्हता, म्हणून ही पद्धत. अठरा वर्षं ती मोडली नव्हती. त्यामुळे डीपीजवळ कोणी उभं नसेल तर काम संपलं, असं गाव डोळे मिटून समजत असे.

त्या मंगळवारी पाळी केरबा शेळक्याची होती. तासाभराने त्याला दिसलं, की दावं तोडून त्याची म्हैस ज्वारीत शिरली आहे. फ्यूज घेऊन धावता येईना. त्याने त्या डीपीखालच्या ओट्यावर ठेवल्या आणि तो म्हशीमागे गेला. एवढ्यात काय होतंय, असं त्याला वाटलं.

बबन आला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. ओढ्यापलीकडचा खांब बाभळींमुळे दिसत नव्हता. विश्राम उतरून पाणी प्यायला गेला असेल आणि फ्यूज बसवायच्या राहिल्या असतील, असं बबनला वाटलं. गिरणीत बायका खोळंबल्या होत्या. त्याने फ्यूज बसवल्या.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. तेराव्यानंतर संस्थेची सभा भरली. अध्यक्ष आबाजीतात्यांनी विचारलं, “पाळी कोणाची होती?”

“माझी,” केरबा म्हणाला.

“मग बबन फ्यूजपर्यंत पोचला कसा?”

केरबाने समोर पाहिलं. हौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“फ्यूज ओट्यावर ठेवून मी थोडा लांब गेलो होतो. हा आला तशी हाक मारली मी. दोनदा मारली. ह्याला ऐकूच गेलं नाही. मी पोचेपर्यंत ह्याने फ्यूज बसवल्या.”

बबनचं आयुष्य गिरणीच्या आवाजात गेलं होतं. त्याला कमी ऐकू येई, हे साऱ्या गावाला माहीत होतं. शेजारच्याने केरबाचं बोलणं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

“मारली असंल,” बबन म्हणाला. “मला नसंल ऐकू आलं.”

सभेने पाळीच्या यादीतून बबनचं नाव काढलं. कोणी त्याला वाईट बोललं नाही. फक्त यादीत नाव राहिलं नाही.

संस्थेने विश्रामच्या घराला वाऱ्यावर सोडलं नाही. हौसाबाईला कार्यालयात काम दिलं. तिचं रान गावाने पाळीने पेरलं. पहिल्या दिवशी औत घेऊन सर्वांत आधी केरबा हजर झाला. पुढची दोन्ही वर्षंही तोच आधी गेला. लोक म्हणत, माणूस असावा तर असा. केरबा मान खाली घालून नांगरत राही.

एकदा हौसाबाई गिरणीत गेली आणि बबनच्या कानाशी वाकून म्हणाली, “बबनभाऊ, ऐकू न येणाऱ्याचा काय दोष? माझ्या मनात काही नाही.” बबनने हात जोडले. केरबा तिथेच डबा घेऊन उभा होता. आता सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते. तो दळण न घेताच घरी गेला.

बबन हळूहळू कमी बोलू लागला. रस्त्याने चालता चालता मध्येच थांबे आणि मागे वळून पाही. कोणी हाक मारली का, असं त्याला सारखं वाटे. एक दिवस तो केरबाच्या बांधावर येऊन बसला.

“केरबा, हाक जोरात मारली होतीस का रे?”

“जोरात मारली होती,” केरबा म्हणाला.

“मग माझंच चुकलं,” बबन म्हणाला. तो उठला आणि धोतर झटकून निघाला.

तिसऱ्या वर्षी भादव्यात बबन गेला. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतरच्या सभेत केरबा न विचारता उभा राहिला आणि म्हैस, ज्वारी, न मारलेली हाक, सगळं त्याने सांगितलं. आबाजीतात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सभेचं कामकाज हौसाबाई लिहून घेत होती. तिने पेन खाली ठेवलं.

“हे आम्हाला कशाला सांगता केरबाभाऊ?” ती म्हणाली. “बबनभाऊ तीन वर्षं मागं वळून बघत होते, त्यांना सांगितलंत का?”

बबनला सांगायचं राहून गेलं होतं.

तात्पर्य: कोणी आपल्या भरवशावर खांबावर चढलं असेल, तर आपण जागा सोडू नये. आणि सोडलीच, तर ते त्याच दिवशी सांगावं. खरं उशिरा सांगितलं, तर ते ज्याने ऐकावं तो माणूस राहतोच असं नाही.