हद्दीवरचा अंतरपाट

दिवाण राजाच्या कानाला लागले आणि चांदवणी गावाच्या हद्दीवर काटेरी कुंपण उभं राहिलं. परक्या मुलखातलं माणूस आत येता कामा नये, असा हुकूम सुटला. गावातल्या मथूचं लग्न तर पलीकडच्या हैबतीशी ठरलेलं. वडीलधाऱ्यांनी नेहमीसारख्या माना हलवल्या.

मथू म्हणाली, "मग हद्दीवरच लग्न लावा."

राजा आणि दिवाण पाहायला आले. अलीकडे मथू, पलीकडे हैबती, मधल्या फाटकात अंतरपाट. कुणी हद्द ओलांडली नाही, म्हणून दिवाण खूश. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, गळ्यात माळा पडल्या आणि हैबतीनं आत पाऊल टाकलं.

"थांब! परका माणूस!" दिवाण ओरडले.

"परके कुठले? हे आता गावचे जावई," मथू म्हणाली. "जावयाला वेशीवरून परत पाठवायची रीत तुमच्याकडे असेल, आमच्याकडे नाही."

"आणि मागचं हे सगळं वऱ्हाड?"

"तेही परकं वाटत असेल, तर अंतरपाटाची अजून घडी घातलेली नाही, दिवाणजी. गावात लग्नाच्या मुली पुष्कळ आहेत!"

राजाला हसू आवरेना. त्यानं तिथल्या तिथे कुंपण उपटायला लावलं आणि दिवाणांना वऱ्हाडाच्या पंगतीत वाढायला उभं केलं.