हडळीच्या वाकावरची मावशी

ज्याला यातला एक शब्दही खरा वाटेल, त्याला गुळाचा एक खडा बक्षीस. आजवर कुणी जिंकला नाही. गूळ डब्यातच आहे आणि मुंग्यांची चंगळ आहे. तेव्हा बसा, आणि विश्वास ठेवून दाखवा.

फार फार वर्षांपूर्वी, घाटात डांबर नव्हतं, एसटी नव्हती आणि माणसांना खोटं बोलायलासुद्धा दुसऱ्या गावाला पायी जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या वर माथेवाडी, घाटाच्या खाली तळकोंड. आणि घाटाच्या ऐन कमरेत एक वाक, म्हणजे अवघड वळण. वाकाच्या तोंडाशी पांगाऱ्याचं झाड होतं आणि त्या पांगाऱ्यावर हडळ होती. केस मोकळे, पाय उलटे, भूक दांडगी. उतरणारी गाडी ती बैलांसकट उचलायची आणि खोऱ्यात फेकायची, असं म्हणतात.

म्हणून गाडीवानांनी एक रीत पाडली होती. पांगारा दिसला की एक लिंबू रस्त्यावर टाकायचं. मग डोळे गच्च मिटायचे, बैलांच्या शेपट्या पिरगाळायच्या आणि गाडी द्यायची उधळून. हडळीनं हात लांब करायच्या आत पार व्हायचं. जो जास्त जोरात पळवेल तो जास्त मर्द. आणि जो खोऱ्यात जाईल तो हडळीचा. हिशेब साधा होता, कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

तळकोंडात यमनाक्का नावाची बाई राहायची. ती हाडं बसवायची. तिनं नुसता हात फिरवला की मोडलेलं हाड लाजून आपल्या जागी जाऊन बसायचं, असं म्हणतात. एका म्हशीचं मोडकं शिंग तिनं बसवलं, ते दुसऱ्या शिंगापेक्षा देखणं निघालं आणि म्हैस महिनाभर कुणाशी बोलेना. तिच्या ओसरीवर सदा कुणी ना कुणी बांबूच्या कांब्या बांधून पडलेलं असायचं, आणि त्यातले अर्धे त्या वाकावरचे. यमनाक्काचा नवराही त्याच वाकावर गेला होता. तेवढं एक तिला बसवता आलं नव्हतं.

लोक येत, कण्हत सांगत, "यमनाक्का, हडळीनं उचलला."

यमनाक्का लेप कालवता कालवता विचारायची, "कुठनं उचलला?"

"वाकावरनं."

"वाक केवढा मोठा हाय. नेमका कुठनं?"

आता तंगडी मोडलेल्या माणसाला असं काही विचारतात का? पण तिला खोडच होती. आणि तिचा एक नेम होता. हाड जुळलं, पट्टी सोडली, की ती पट्टीची चिंधी माणसाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "जा, जिथं पडलास तिथल्या झुडपाला बांधून ये. त्याबिगर हाड पक्कं होत न्हाई." यात काही तथ्य नव्हतं. पण हाड मोडलेला माणूस काहीही ऐकतो. लोक जायचे आणि बांधून यायचे.

अशी चार वर्षं गेली. एके दिवशी यमनाक्का समोरच्या डोंगरावर पाल्याला गेली होती. तिथनं तिनं सहज घाटाकडं बघितलं आणि बोटांवर मोजायला लागली. चिंध्या साऱ्या फडफडत होत्या. चाळीसाला एक कमी. पण पांगाऱ्याखाली एकही नव्हती. पांगाऱ्याच्या खालच्या अंगाला, पंचवीस पावलं पुढं, एकाच जागी साऱ्यांची जत्रा भरली होती.

"बया," यमनाक्का म्हणाली. "ही बसती तिथं आणि जेवती इथं?"

दुसऱ्या दिवशी ती त्या जागी गेली. गाडीवानांनी टाकलेली सगळी लिंबं तिथंच कडेला गोळा झालेली. तिनं एक उचललं आणि रस्त्याच्या मधोमध ठेवलं. लिंबू जरा थांबलं, मग गडगडत खोऱ्याच्या कडेला जाऊन बसलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं. रस्ता तिथं खोऱ्याकडं कलता होता, ताटाला बूड नसावं तसा. उभ्या लिंबाचं हे, तर उधळलेल्या गाडीचं काय होईल?

आणि मग तिला आठवलं. परमुलखातले मीठवाले त्याच वाटेनं उतरायचे, त्यांची कधी एक गाडी पडली नव्हती. एक आंधळा गोसावी काठी टेकत वर्षातनं दोनदा जायचा, त्याला साधं खरचटलं नव्हतं. त्यांना कुणी हडळ सांगितलीच नव्हती. म्हणून ते पळत नव्हते.

यमनाक्का तडक चावडीवर गेली. "हडळ कुणाला टाकत न्हाई," ती म्हणाली. "तुमी तिला भिऊन पळता, आन् पळता म्हणून पडता. डोळं उघडा, बैल चालीनं न्या."

पाटलांनी पानाची पिंक टाकली. "यमने, तू हाडं बघ. हडळीचं आमी बघतो."

सगळी चावडी हसली. त्यातल्या तिघांची हाडं तिनंच बसवली होती, तेच जास्त हसले.

हे असंच राहिलं असतं. पण यमनाक्काला एक लेक होती, हौसा. आणि हौसाचं लग्न ठरलं माथेवाडीच्या शिदूशी. शिदूचा बाप रावबा म्हणजे गाडीवानांचा नाईक. वरनं वऱ्हाडाच्या तीस गाड्या येणार, घुंगरं वाजवत, आणि रावबानं पैज मारलेली की वाकावरनं तिसाच्या तीस गाड्या एका दमात उधळत उतरवीन. पहिल्या गाडीत नवरदेव.

हौसाचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी चुलीपुढं आईला म्हणाली, "आये, मला नवरा सबंध पायजे. कांब्या बांधलेला नको."

"बघते," यमनाक्का म्हणाली. आणि तिच्या डोळ्यात असं काही चमकलं, की मांजर चुलीमागं जाऊन बसलं.

ती घाट चढून माथेवाडीला गेली. रावबापुढं जाऊन तोंड एवढंसं करून बसली.

"इवाई, एक अडचण आलीया. काल वाकावर हडळ भेटली. म्हणती, मी हौसाची मावशी लागते."

रावबाच्या हातातली चिलीम थांबली. "कोण म्हणती?"

"हडळ. आता नातं निघालं, त्याला मी काय करू? रुसलीया. म्हणती, भाचीचं लगीन आन् मावशीचा मान न्हाई. मी म्हटलं, मान देऊ. तर म्हणाली, माझ्या दारापुढनं कुणी पळायचं न्हाई. गाडी थांबवायची, खाली उतरायचं, पान-सुपारी ठेवायची, 'मावशी, येऊ का' म्हणून विचारायचं. आन् तिथनं पुढं धाकल्यांनी थोरल्यांपुढं जावं तसं, बैलाला धरून, पायी, डोळं उघडं ठेवून जायचं."

"आन् पळालं तर?"

"तर म्हणाली, मी जेवायला येते. पंगतीत बसते. तुमच्या बाजूला."

रावबानं चिलीम खाली ठेवली. गोष्ट खाली तळकोंडात पोचली, आणि खरं सांगितलं तेव्हा जी चावडी हसली, तीच चावडी आता लबाडी ऐकून गार पडली. असं म्हणतात.

मग यमनाक्कानं आपली सगळी जुनी हाडं गोळा केली. म्हणजे तिनं बरी केलेली माणसं हो. कुणी दगड आणले, त्यांना चुना फासला आणि वाकाच्या कडेनं ओळीनं मांडले. "हे मावशीचं दात," ती म्हणाली. जिथं चिंध्या होत्या तिथं खोऱ्याच्या अंगाला माणूसभर उंच कडबा रचला. "ही मावशीची गादी." रस्ता कलता होता तिथं भर टाकून थोपटला. "ही मावशीची पाठ, हिच्यावरनं हळू जावा." कुणी कुरकुर केली नाही. रस्ता दुरुस्त करा म्हटलं असतं तर एकही आला नसता.

आणि एवढं करूनही तिला रावबाचा भरवसा नव्हता. म्हणून तिनं सीमांतपूजन गावच्या शिवेवर न ठेवता उचलून पांगाऱ्याखाली नेलं. लग्नाच्या दिवशी तळकोंडच्या साऱ्या बायका रस्ताभर ताटं घेऊन उभ्या. वरनं घुंगरं ऐकू आली. रावबाच्या मनात काय होतं देव जाणे, हात शेपटीकडं गेलाच होता म्हणतात. पण समोर विहीणबाई, आत्याबाई, काकूबाई, सगळ्या ओवाळायला. बायकांच्या अंगावर गाडी घालणार कोण? गाडी थांबली. शिदू उतरला. पांगाऱ्याला कुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, येऊ का?"

वर एक पान हललं. वारा असेल. पण शिदूनं आयुष्यात कधी इतक्या हळू बैल चालवले नव्हते.

एकोणतीस गाड्या अशा उतरल्या. तिसावी मागं राहिली होती. तीत सनईवाला तुकनाक होता, पोट नगाऱ्याएवढं, आणि गाडीवान त्याच्यासारखाच उशिराचा. बायका ताटं घेऊन खाली निघून गेलेल्या. उशीर झाला म्हणून गाडीवानानं केली जुनी रीत. डोळे मिटले, शेपट्या पिरगाळल्या.

बैल शहाणे होते. चुन्याचे पांढरे दात दिसताच ते जू मोडून डोंगराकडं वळले आणि गवत खात उभे राहिले. पण गाडी गेली. दातांवरनं उडाली, हवेत तीन गिरक्या घेतल्या, वर एक घार चालली होती तिला वाट सोडावी लागली, आणि धप्पकन कडब्यात पडली. तुकनाक कडब्यात उभा रुतला, सनई तोंडातच, आणि सनई वाजत होती. सूरसुद्धा चुकला नव्हता, असं म्हणतात. गाडीवान त्याच्या पोटावर पडला, म्हणून त्यालाही काही झालं नाही.

यमनाक्का धावत आली. दोघांची हाडं चाचपली, दोनदा चाचपली. एकही मोडलं नव्हतं. तेव्हा ती रस्त्यात बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. नवऱ्यासाठी रडायची राहिली होती, ती तेव्हा रडली.

रावबा चिंध्यांकडं बघत उभा होता. कडब्यातली गाडी बरोबर चिंध्यांच्या खाली पडली होती. आणि हडळीचा पांगारा मागं, पंचवीस पावलांवर, निवांत. त्याच्या डोक्यात काहीतरी सरकलं. हळू आवाजात म्हणाला, "विहीणबाई, खरं सांगा. तिथं हडळ हाय, का न्हाई?"

यमनाक्कानं नाक पुसलं. "हाय म्हटलं तर थांबाल?"

"थांबंन."

"मग हाय."

त्या दिवशी पंगतीत रावबानं आपल्या बाजूला एक पान जास्तीचं वाढायला लावलं. कुणी येऊन बसलं नाही, पण उठताना पानातला लाडू गेलेला होता. यमनाक्काच्या पदराला बुंदी चिकटली होती, ते सोडून द्या.

पुढं हौसाला सात पोरं झाली, साती धडधाकट. यमनाक्काच्या ओसरीवर पेशंट येईनात, तेव्हा ती खुशाल दुपारची झोपायला लागली. म्हणायची, असला धंदा बुडावा.

आता तिथं डांबर आहे. मागं कॉलेजातली शिकलेली पोरं-पोरी आली होती, चाकाची काठी घेऊन रस्ता मोजायला. अपघात कुठं होतात, का होतात, शोधत होती. तीन महिने मोजलं, वह्या भरल्या आणि सांगितलं, कठडा हवा, पट्टे हवेत, उतारावर गाडी हळू हवी. कुठं हवा कठडा? बरोबर चिंध्यांपाशी. पोरं गुणी होती, पण जरा लवकर यायला हवी होती, दीडशे वर्षं.

कठडा झाला, तरी दिवाळीनंतर तळकोंडची माणसं मावशीच्या दातांना चुना लावतातच. लग्नाच्या गाड्या पांगाऱ्याखाली थांबतात. एसटीचा ड्रायव्हर गिअर उतरवतो आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, "मावशी, येऊ का?" ट्रकवाले परमुलखातले, त्यांना मराठी येत नाही, पण तेवढं येतं. चिंध्या विटून पांढऱ्या झाल्यात. नवी कुणी बांधलेली नाही, कितीतरी वर्षांत.

काय, नाही ना बसला विश्वास? नकोच बसू दे. विश्वास ठेवू नका, पण थांबा. फटफटीवर आला आहात ना? मग ते हेल्मेट आरशाला टांगायला दिलेलं नाही, ते डोक्यात घाला. गूळ आत्ता मिळायचा नाही. पुढच्या वेळी धड हातापायांनी आलात, तर बघू.

जा आता.