उंबराचा झगा

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक शिंपीण राहत असे. अंगठ्याएवढं पाखरू, हिरवट पाठ आणि सदा ताठ उभारलेली शेपटी. रुंद पानं एकमेकांजवळ ओढायची, चोचीने कडेला भोकं पाडायची आणि त्यातून कापसाचा धागा ओवून घरटं शिवायचं, हे तिच्या घराण्याचं काम. या घराण्याची एक रीत होती. टाके घालायचे ते झाडावरच्या पानाला. देठ कधी तोडायचा नाही. "तोडलेलं पान म्हणजे पाहुणं," तिची आई सांगायची, "त्याच्या भरवशावर घर मांडू नये."

म्हणतात, कोल्हा काकडीला राजी. पण त्या जंगलातला कोल्हा काकडीवर भागवणारा नव्हता. शिंपिणीची शिवण एकदा त्याच्या नजरेस पडली आणि त्याने मान डोलावली. "शिंपीणताई, काय हा टाका! असली कला घरट्यात कुजवायची? मोठ्यांसाठी झगे शिव. पानं वानरं आणतील, विकायचं काम माझ्याकडे." शिंपिणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आईचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण कौतुकापुढे ते मागे पडलं. तिने तोडलेल्या पानांचा पहिला झगा शिवला. कोल्ह्याने त्यावर लाल मातीत बुडवलेला आपला पंजा उमटवला आणि अस्वलाच्या अंगावर घातला.

झालं! दुसऱ्या दिवसापासून जंगलाला झग्यांचं वेड लागलं. अस्वलाने घातला म्हणून रानडुकराने घेतला, रानडुकराने घेतला म्हणून सायाळीने हट्ट धरला. तिच्या काट्यांवर तो क्षणभरही टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. पंजाचा ठसा नसेल त्याला कोणी हिंग लावून विचारेना. झगा चार दिवसांत सुकून चुरायचा आणि नवा घ्यावा लागायचा. कोल्ह्याला तेच तर हवं होतं. गिऱ्हाइकांकडून तो मधाची पोळी आणि शिकारीतला वाटा घ्यायचा आणि शिंपिणीच्या पुढ्यात मूठभर अळ्या टाकायचा.

न खपलेले झगे तो खड्ड्यात पुरून टाकी. एकदा एक भुकेली भेकरीण तिथे आली. "दादा, पुरताय त्यापेक्षा मला द्या. पोटात तरी जातील."

"वा गं वा! माझा झगा भेकराच्या पोटात गेल्यावर वाघोबा तो अंगावर घालतील का?" असं म्हणून कोल्ह्याने खड्ड्यावर माती लोटली. शिंपिणीने ते पाहिलं. पण ती खाली मान घालून शिवत राहिली.

चैत्रात पालवी फुटली आणि मोठी झाली न झाली तोच वानरांनी ओरबाडून नेली. वैशाखात जंगल नुसतं काटक्यांचं उरलं. त्याच सुमारास शिंपिणीचे अंडी घालायचे दिवस भरत आले. ती घरट्यासाठी पान शोधायला निघाली. ती साग, पळस, कुडा अशी झाडामागून झाड फिरली, पण कुठेच पान नव्हतं. "एवढे झगे शिवलेस, त्यातलाच एक फांदीला टांग," तिचा नवरा शिंपी म्हणाला. तिने तसं केलं आणि आत मऊ सावरीचा कापूस अंथरला. दुपारच्या उन्हात झगा आक्रसला, टाके तडातड तुटले आणि कापूस वाऱ्यावर उडून गेला.

शिंपीण फांदीवर बसून रडू लागली. "बरं झालं, अंडी अजून पोटात होती. आई सांगत होती हो! मीच माझ्या पिल्लांचं घर तोडून विकलं."

आता पानं उरली होती ती फक्त ओढ्याकाठच्या उंबरावर. शिंपीण तिथे गेली, आईला आठवून दोन जिवंत पानं ओढली आणि शिवायला बसली. शेवटचा टाका पडतो तोच कोल्हा वानरांची टोळी घेऊन हजर. "चला, ओरबाडा! वाघोबांना दरबारासाठी पायघोळ झगा हवाय. उंबराची सगळी पानं लागतील. ताई, चोच परजून ठेव."

शिंपीण घरट्यासमोरून हलली नाही. "पानं तोडाल, पण शिवेल कोण? तोडलेल्या पानाला मी यापुढे टाका घालणार नाही."

"तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील!" कोल्हा गुरगुरला. त्याने उंबराची चार पानं तोडवली आणि वानरांनाच शिवायला बसवलं. वानरांनी बोटं घातली की पान टरकन फाटे. शेवटी कोल्ह्याने स्वतः दातांत काटा धरला आणि स्वतःचंच नाक टोचून घेतलं. इतक्यात डरकाळी ऐकू आली. वाघ आला होता. अंगावर जुना, चुरलेला झगा, बाहेर लोंबणारी जीभ आणि उन्हाने झालेली काहिली.

"कुठे आहे आमचा झगा?" असं म्हणत तो उंबराखाली आला आणि थबकला. खाली गारवा होता. वाघाने पाय पसरले, डोळे मिटले, आणि त्याचा राग कधी उतरला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. भेकरीण दबकत आली आणि दूरच्या कडेला टेकली. वानरंही घाम पुसत आडवी झाली.

बऱ्याच वेळाने वाघाने डोळा उघडला. "कोल्होबा, इतके दिवस असं बरं कुठेच वाटलं नाही. झग्यात तर नाहीच."

कोल्हा नुसतं नाक चाटत राहिला. वरून शिंपिणीचा बारीकसा आवाज आला. "महाराज, हा उंबराचा झगा. तो झाडाच्या अंगावर आहे म्हणून आपण सगळे त्यात मावलो. उतरवला, तर एकट्या महाराजांना पुरेल, आणि तोही चार दिवस."

वाघाने अंगावरचा चुरा झटकला. "राहू दे त्याच्याच अंगावर," तो म्हणाला आणि पुन्हा झोपला. राजाने झगा टाकला म्हटल्यावर कोणाला हवा होता तो? अस्वलाने तर आपण कधी घातलाच नव्हता, असं शपथेवर सांगितलं.

उंबरावरच्या घरट्यात पिल्लं झाली. हळूहळू काटक्यांनाही पालवी फुटली आणि या वेळी ती कोणी ओरबाडली नाही. शिंपीण आता ज्याच्या त्याच्या दारी जाऊन वेलीची जिवंत पानं टाचून सावली करून देते. परवा तिला निरोप आला. नाकावर वण असलेला कोणीतरी आपल्या बिळावर सावली मागत होता. "येते म्हणावं," शिंपीण म्हणाली, "पण त्यावर पंजाचा ठसा उमटवायचा नाही."

तात्पर्य : ज्या शोभेपायी सगळ्यांची सावली जाते, ती अंगावर मिरवणाऱ्यालाही उन्हातच उभं करते. आणि शिवणाऱ्या हाताने वेळीच नाही म्हटलं, तर उघडं झालेलं रानही पुन्हा पालवतं.